‘हे आपल्याला जमणार नाही’ : ही समजूत तपासायची कशी?

नोकरी बदलायची आहे, पोहायला शिकायचं आहे, अर्धवट सुटलेलं शिक्षण पुरं करायचं आहे. ठरवून वर्षं लोटली, पण गाडी जागची हलत नाही. कारण विचारलं की उत्तर तयार असतं : वेळ नाही, वय झालं, घरचं बघावं लागतं. यातलं काही खरंही असतं. पण त्याखाली बहुतेक वेळा आणखी एक वाक्य दडलेलं असतं, ‘हे आपल्याला जमणार नाही’, आणि ते इतकं जुनं असतं की ते आपलं मत आहे हेही लक्षात येत नाही. उंची-वजनासारखी ती एक नोंदच वाटते.

माझं वाक्य होतं ‘गणित हा आपला प्रांत नाही’. राहिलेली पदवी चाळिशीत पुरी करायला घेतली, तेव्हा संख्याशास्त्राचा पेपर आडवा आला आणि या वाक्याचं काहीतरी करणं भाग पडलं. त्या काळात मी या विषयावरचं हाताला लागेल ते वाचलं, ऐकलं. त्यातला बराचसा सल्ला ‘स्वतःवर विश्वास ठेवा’ या तीन शब्दांत संपतो, आणि तो ठेवायचा कसा हे कुणी सांगत नाही. उपयोग झाला तो मानसोपचारातल्या एका साध्या पद्धतीचा : समजुतीशी वाद घालत बसायचं नाही, तिला भाकीत मानायचं आणि ते भाकीत छोट्या चाचणीत तपासायचं.

या पद्धतीचं मूळ दोन माणसांकडे जातं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं असं की घटना आपल्याला थेट अस्वस्थ करत नाही. घटना आणि अस्वस्थता यांच्या मधे आपली समजूत बसलेली असते. मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६० च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांबरोबर काम करताना पाहिलं की मनात आपोआप उमटणारे विचार रुग्ण जसेच्या तसे खरे मानतात. त्यांनी रुग्णांना ते विचार कागदावर उतरवून पुराव्याशी ताडून पाहायला शिकवलं. पुढचे टप्पे याच कामाची घरगुती आवृत्ती आहेत.

सुरू करण्याआधी काय लागेल

- एक कागदी वही. फोनमधल्या टिपणांचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे.
- आठवड्यातून दोनदा अर्धा तास, कॅलेंडरमध्ये आधी लिहून ठेवलेला.
- एक माणूस, जो तुमचं ऐकून घेईल आणि लगेच उपदेश करणार नाही. सापडला नाही तरी काम अडत नाही.

महागडी कार्यशाळा, ॲप, आरशासमोर म्हणायची वाक्यं यांपैकी काहीही लागत नाही.

१. ध्येय एका ओळीत, दिसेल असं लिहा

‘आत्मविश्वास वाढवायचा आहे’ हे ध्येय नव्हे. ते झालं की नाही हे कळायचा मार्गच नाही. ‘विभागाच्या मासिक बैठकीत माझ्या कामाचा अहवाल मीच मांडायचा’ हे ध्येय आहे. ते घडलं की बाहेरच्या माणसालाही दिसेल. ओळ लिहून झाल्यावर एकदा स्वतःला विचारा, हे कुणालाच कळणार नसेल तरी मला करायचं आहे का? उत्तर ‘नाही’ आलं तर अडथळा समजुतीचा नसून ध्येयच उसनं असण्याची शक्यता आहे. मग पुढचे टप्पे करण्यात अर्थ नाही.

२. समजूत रंगेहाथ पकडा

शांतपणे बसून ‘माझ्या समजुती कोणत्या?’ असा विचार केला तर फार सभ्य, गुळगुळीत उत्तरं येतात. समजूत पकडायची असते ती चालढकल करतानाच. अर्ज उघडला आणि दुसऱ्याच मिनिटाला कपाट आवरायला उठलात? तेवढ्यात थांबा आणि उठण्याआधी मनात काय आलं ते त्याच शब्दांत लिहा. शुद्धलेखन नको, सभ्य भाषाही नको. ‘काय उपयोग, परत तोंडावर पडणार’ असं आलं असेल तर तसंच लिहा. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘माझ्यासारख्यांना’, ‘या वयात’ हे शब्द आले की समजा मासा गळाला लागला.

आठवडाभर फक्त एवढंच करा. उपाय शोधू नका.

मग त्यातलं सर्वांत जास्त वेळा आलेलं वाक्य घ्या आणि त्याला खाली खाली विचारत जा : ‘समजा हे खरं ठरलं, तर मग काय?’ माझ्या वहीत ते असं उतरलं होतं :

‘हे प्रकरण मला समजणार नाही.’ मग काय?
‘वर्गात शंका विचारावी लागेल.’ मग काय?
‘वर्गातली पोरं माझ्या निम्म्या वयाची आहेत.’ मग काय?
‘एवढंही येत नाही, मग आल्या कशाला, असं त्यांना वाटेल.’

इथे मी बराच वेळ पेन खाली ठेवून बसले होते. कारण हे गणिताबद्दल नव्हतंच. गणित कच्चं होतं हे खरं, पण मला अडवत होती ती लोकांसमोर कच्चं दिसण्याची भीती. हा फरक कळला नसता तर मी आणखी चार गाइडं विकत आणली असती आणि वर्गात तोंड मिटूनच बसले असते. म्हणून हा टप्पा उरकू नका. वरच्या थरातल्या वाक्यावर काम करत राहिलात तर मेहनत होते आणि हाती काही लागत नाही. तीन-चार वेळा ‘मग काय?’ विचारल्यावर पोटात कालवल्यासारखं होईल असं वाक्य आलं, की तिथे थांबायचं. त्याहून खाली, पार बालपणापर्यंत खणत बसायची गरज नसते. समजूत कुठून आली हे कळल्याने बरं वाटतं, पण तेवढ्याने ती जात नाही.

३. वाक्यांची वाटणी करा : वस्तुस्थिती, भाकीत, शिक्का

आता वहीतलं प्रत्येक वाक्य या तिघांपैकी कुठे बसतं ते बघा.

वस्तुस्थिती म्हणजे जी कुणीही पडताळून पाहिली तरी तीच राहील. ‘माझ्या हातात रोज फक्त एक तास आहे.’ ‘या पदासाठी लागणारी पात्रता माझ्याकडे नाही.’ यावर मनाचे व्यायाम करायचे नसतात. वेळापत्रक बदलायचं, पात्रता मिळवायची किंवा दुसरा रस्ता शोधायचा.

भाकीत म्हणजे पुढे काय होईल याचा अंदाज. ‘मी बोलायला उभी राहिले की शब्दच फुटणार नाहीत.’ हे तपासता येतं. आपलं सगळं काम याच्याशी आहे.

शिक्का म्हणजे ‘मी आळशी आहे’, ‘मी धंद्याचा माणूस नाही’. हे तपासता येत नाही, म्हणून ते वर्षानुवर्षं टिकतं. शिक्क्याचं भाकीत करून घ्यावं लागतं. तुम्ही आळशी असाल तर येत्या आठवड्यात नेमकं काय घडेल? ‘सोमवारी ठरवलेलं बुधवारपर्यंत सुटेल.’ आता हे तपासायला घेता येईल.

या टप्प्यावर एक सावधगिरी. ‘मर्यादा फक्त मनात असतात’ असं सांगणारे भरपूर भेटतात. पैशाची चणचण, आजारपण, कामाच्या जागी होणारा भेदभाव या गोष्टी मनात नसतात, आणि त्या मनात आहेत असं म्हणणं हा अडचणीत असलेल्या माणसावर आणखी एक आरोप असतो. या लोकांचा लाडका दाखला म्हणजे धावपटू रॉजर बॅनिस्टर. ६ मे १९५४ रोजी त्याने एक मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत धावून दाखवला आणि चार मिनिटांच्या आत मैल धावणं अशक्य आहे ही जगाची समजूत मोडली, म्हणून मग इतरांनाही ते जमलं, असं सांगतात. जॉन लॅन्डीने दीडेक महिन्यातच त्याचा विक्रम मोडला हे खरं आहे. पण हाच लॅन्डी १९५२ पासून ४ मिनिटं २ सेकंदांच्या आसपास धावत होता. गुंडर हेगने तर १९४५ मध्येच ४ मिनिटं १.४ सेकंदांपर्यंत मजल मारली होती. म्हणजे पायांत ताकद आधीच आली होती. समजुतीचा अडसर असलाच तर शेवटच्या एक-दोन सेकंदांचा. सराव नसेल तर समजूत बदलून मैल पळता येत नाही.

४. उलटा पुरावा मुद्दाम शोधा

मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांचा १९६० चा एक प्रयोग इथे कामाचा आहे. त्यांनी लोकांना २, ४, ६ हे आकडे दिले आणि सांगितलं, हे एका नियमात बसतात, नियम ओळखा. स्वतःचे आकडे सुचवा, ते बसतात की नाही ते मी सांगतो. लोकांना वाटलं नियम दोन-दोनने वाढण्याचा आहे, म्हणून ते ८, १०, १२ असेच आकडे सुचवत राहिले. प्रत्येक वेळी ‘बसतं’ असं उत्तर मिळत गेलं आणि त्यांची खात्री वाढत गेली. प्रत्यक्षात नियम एवढाच होता की आकडे चढते असावेत. १, ७, ४० सुद्धा चाललं असतं, पण आपली कल्पना चुकीची ठरेल असे आकडे सुचवण्याचं फार थोड्यांना सुचलं.

समजुतीच्या बाबतीत आपण हेच करतो. गणितात नापास झालेली चाचणी मला तारखेसकट आठवत होती. त्याच वर्षांमध्ये घरखर्चाचा हिशेब, कर्जाचे हप्ते, व्याज हे सगळं मीच बघत होते, हे मोजणीत धरलं नव्हतं. वहीत पानाच्या मधोमध रेघ मारा आणि उजवीकडे फक्त विरुद्ध पुरावा लिहा. सापडत नसेल तर जवळच्या माणसाला विचारा. त्याला पटकन आठवतं. मग खाली एक प्रश्न लिहा : काय घडलं तर मी मान्य करीन की ही समजूत चूक होती? याचं उत्तर ‘काहीही घडलं तरी नाही’ असं येत असेल तर तुम्ही अजून शिक्क्यावरच अडकला आहात. तिसऱ्या टप्प्याकडे परत जा.

५. चाचणी घ्या

या लेखातलं एकच काही करायचं असेल तर हा टप्पा करा. अल्बर्ट बॅन्ड्युरा यांनी १९७७ मध्ये मांडलं की ‘मला हे करता येईल’ ही भावना चार ठिकाणांहून येते : स्वतः करून पाहिल्याचा अनुभव, आपल्यासारख्या माणसाला करताना पाहणं, इतरांनी दिलेला धीर आणि शरीराची त्या वेळची अवस्था. यांत सर्वांत भक्कम पहिला. धीर देणारी भाषणं तिसऱ्या रांगेत येतात, आणि आपण मात्र सगळी मदार त्यांच्यावरच ठेवतो.

चाचणीचं पान असं आखा :

- भाकीत, आणि ते खरं ठरेल याची खात्री शंभरपैकी किती
- मी नेमकं काय करणार, कधी, कुठे
- कोणती कुबडी सोडणार
- प्रत्यक्षात काय घडलं
- आता खात्री किती

पहिले तीन रकाने चाचणी करण्याआधी भरायचे, शेवटचे दोन नंतर. आधी लिहिणं हाच या सगळ्याचा प्राण आहे. नंतर आठवून लिहिलं तर मन स्वतःच्या सोयीने भाकीत फिरवतं : ‘मला माहीतच होतं’.

चाचणी किती मोठी असावी? छातीत धडधडेल एवढी, पण आदल्या रात्री झोप उडणार नाही एवढीच. माझी पहिली चाचणी होती वर्गात एक शंका विचारायची. भाकीत : पोरं हसतील, सर वैतागतील. खात्री : नव्वद. घडलं असं की सरांनी तेच उदाहरण फळ्यावर पुन्हा सोडवलं आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाने ते वहीत उतरवून घेतलं. कुणी हसलं नाही. खात्री नव्वदवरून शून्यावर आली का? छे, जेमतेम सत्तरपर्यंत. एका चाचणीत एवढंच होतं.

कुबडी म्हणजे संकट टळावं म्हणून आपण नकळत करतो त्या गोष्टी : बोलताना कागदावरून नजर न उचलणं, सगळ्यांत शेवटी हळूच विचारणं, ‘माझा प्रश्न मूर्खपणाचा आहे, पण’ अशी सुरुवात करणं. पॉल साल्कोव्हस्किस यांनी १९९१ मध्ये मांडलं की चिंता टिकून राहण्यामागे याच गोष्टी असतात. सगळं सुरळीत पार पडलं तरी श्रेय कुबडीला जातं आणि समजूत जशीच्या तशी राहते. सगळ्या कुबड्या एकदम फेकू नका. एका चाचणीत एक सोडा.

चाचणी यशस्वी कधी म्हणायची, यात बहुतेकांची गल्लत होते. एलिस स्वतःची हकिकत सांगत. एकोणीस वर्षांचे असताना त्यांना अनोळखी स्त्रियांशी बोलायची विलक्षण भीती वाटे. न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्स वनस्पती उद्यानात बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसून बोलायचंच, असा त्यांनी महिनाभराचा नेम केला. त्यांच्या सांगण्यानुसार शंभरेक जणींशी बोलणं झालं, पुन्हा भेटायचं फक्त एकीने कबूल केलं, आणि तीही आली नाही. भीती मात्र गेली, कारण त्यांनी मनाशी रंगवलेलं काहीच घडलं नव्हतं. कुणी ओरडलं नाही, कुणी पोलिसांना बोलावलं नाही. चाचणीत तपासायचं असतं ते भाकीत. काम फत्ते झालं की नाही हा वेगळा रकाना आहे.

आणि भाकीत खरं ठरलं तर? ठरतं कधीकधी. मग बघायचं की जे घडलं ते सोसवलं का, आणि त्यातलं काय शिकण्यासारखं आहे. मुलाखतीत नकार आला, पण कोणत्या प्रश्नावर अडलो ते कळलं, हेही वहीत जातं.

६. चाचणीला ‘जर-तर’ जोडा

पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातून आलेली ही युक्ती छोटी आहे आणि चालते. ‘या आठवड्यात कधीतरी फोन करीन’ याऐवजी ‘मंगळवारी चहा झाला की, जागेवरून उठण्याआधी फोन लावीन’ असं लिहायचं. अडथळ्यासाठीही एक वाक्य : ‘जर ‘नंतर बघू’ असं मनात आलं, तर फक्त नंबर काढून समोर ठेवीन.’ ऐन वेळी ठरवत बसावं लागत नाही. यशाची नुसती गोड चित्रं रंगवण्याचा मात्र उपयोग नाही. गॅब्रिएल ओटिंगन यांच्या अभ्यासांत अशी स्वप्नं रंगवणाऱ्यांचे प्रयत्न उलट कमी पडलेले दिसले. चित्र रंगवा, पण लगेच शेजारी आडवी येणारी गोष्ट लिहा.

७. जुन्या वाक्याच्या जागी खरं वाक्य ठेवा

काही चाचण्या झाल्या की जुनं वाक्य नीट बसेनासं होतं. त्या जागी त्याच्या बरोबर उलटं वाक्य आणून ठेवायचा मोह होतो : ‘मी गणितात हुशार आहे.’ ठेवू नका. जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्वतःबद्दल आधीच कमी लेखणारं मत असलेल्यांनी ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं वाक्य मनात घोळवल्यावर त्यांना अधिकच वाईट वाटलं. मन लगेच ‘खोटं!’ म्हणतं आणि पुरावे काढून दाखवतं. वहीतल्या नोंदींवर उभं राहील एवढंच वाक्य लिहा. माझं असं होतं : ‘मला गणित हळू समजतं, आणि विचारलं की समजतं.’ फार देखणं नाही, पण त्याला कुणी खोटं म्हणू शकत नाही.

नेहमीचे खड्डे

विचार दाबणं. ‘नकारात्मक विचार करायचाच नाही’ असं ठरवलं की तोच येतो. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, आणि त्यांना ते अस्वल पुन्हापुन्हा आठवत राहिलं. विचार येऊ द्या, लिहा, कामाला लागा.

एकवीस दिवसांचा हट्ट. फिलिपा लॅली यांच्या २०१० च्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत होता. बाविसाव्या दिवशी भीती वाटली तर तुमच्यात काही बिघाड नाही.

यश नशिबाच्या खात्यावर टाकणं. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ मध्ये उत्तम कामगिरी असूनही ‘आपण फसवून इथवर आलो’ असं मानणाऱ्या स्त्रियांबद्दल लिहिलं होतं. ‘पेपर सोपा होता’ असं लिहावंसं वाटलं तर तोच पेपर अवघड गेला असता तेव्हा तुम्ही काय लिहिलं असतं, तेही शेजारी लिहा.

भलत्या माणसाकडे बघणं. शिखरावर पोहोचलेल्याची गोष्ट ऐकून स्फुरण चढतं आणि संध्याकाळपर्यंत उतरतं. तुमच्यापेक्षा चार पावलं पुढे असलेला, तुमच्यासारख्याच अडचणी असलेला आणि धडपडताना दिसणारा माणूस शोधा.

वाचत राहणं. हा माझ्या मते सर्वांत मानाचा खड्डा आहे, कारण त्यात पडलेल्याला आपण काम करतोय असंच वाटतं.

वही बाजूला कधी ठेवायची

दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ जवळजवळ रोजच मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर हे काम एकट्याने करू नका. मानसोपचारतज्ज्ञांना किंवा प्रशिक्षित समुपदेशकांना भेटा. जगणं नको असं वाटत असेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. जुन्या आघातातून आलेल्या समजुतींनाही ही घरगुती पद्धत पुरत नाही.

८. तीन महिन्यांनी वही उघडा

खात्रीचे आकडे तारखेप्रमाणे एका ओळीत मांडा. ते उतरत असतील तर पुढची चाचणी थोडी मोठी करा. आकडे खाली येतायत पण ध्येयाकडे सरकत नाही, असं दिसलं तर अडचण बहुधा कौशल्याची आहे. शिकवणारा शोधा, समजुतीला आता मोकळं सोडा. भाकीत वारंवार खरं ठरत असेल तर पद्धत बदला, आणि तीही बदलून झाली असेल तर ध्येय बदलायला हरकत नाही. तपासून सोडलेलं ध्येय आणि घाबरून सोडलेलं ध्येय यांत फरक असतो, आणि तो तुमच्या वहीत लिहिलेला असेल.

पानं कोरीच राहिली असतील, म्हणजे चाचण्या लिहिल्या पण केल्या नाहीत, तर चाचणी मोठी आहे एवढाच त्याचा अर्थ घ्या आणि ती निम्मी करा. पाण्यात उतरणं होत नसेल तर काठावर बसून पाय सोडायचे. तेही होत नसेल तर तलावावर जाऊन शिकणाऱ्यांचा एक वर्ग नुसता बघून यायचा. भाकिताचा रकाना मात्र त्याही दिवशी निघण्याआधी भरायचा.